वॉरंटीतली गाडी चौथ्यांदा वर्कशॉपात: निपाणीच्या एका गाडीमालकाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. निपाणीतल्या एका दुकानदाराने १६ महिन्यांपूर्वी कोल्हापूरच्या शोरूममधून साडेबारा लाखांची डिझेल गाडी घेतली. कर्नाटकात टॅक्स जास्त म्हणून बिल आणि पासिंग दोन्ही कागलच्या मामांच्या नावावर, एमएच ०९. पाचव्या महिन्यापासून डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागतो आणि गाडी ओढायची बंद होते. दोनदा कोल्हापुरात दाखवली, दोनदा बेळगावात. प्रत्येक वेळी 'रीजनरेशन केले' म्हणून परत दिली आणि थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा लागला. आता बेळगावचा डीलर म्हणतो, डीपीएफच बदलावा लागेल, १ लाख १० हजारांचे एस्टिमेट आहे आणि ते वॉरंटीत बसत नाही. कारणे तीन सांगितली: गाडी चालवण्याची पद्धत, भेसळीचे डिझेल आणि ६०० किलोमीटर उशिरा झालेली दुसरी सर्व्हिस. वॉरंटी ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर, मीटर २६ हजारांवर. ते विचारतात, केस घालू का, आणि कोल्हापुरात की बेळगावात?

मी बरीच वर्षे वर्कशॉपात आधी सर्व्हिस ॲडव्हायझर आणि मग वर्क्स मॅनेजर म्हणून काढली. आता अशाच वादांत गाड्यांची तपासणी करून अहवाल देतो. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. तुमची बाजू चांगली आहे, पण आज तुमच्या हातात जे कागद आहेत त्यांवर ती उभी राहणार नाही. केस घालण्याआधी महिनाभर कागदावर काम करा. तेवढ्यातही प्रश्न सुटू शकतो, आणि नाही सुटला तर तेच कागद ग्राहक आयोगापुढे तुमच्यासाठी बोलतील.

आधी गाडीचे बघू. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले आणि डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ सर्रास बसू लागला. त्यात साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, यालाच रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडून धुराचे तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते. हे काम पुरे व्हायला गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. कोणी रोज दोन-तीन किलोमीटर बाजारपेठेतच फिरवत असेल तर ते अर्धवट राहते, काजळी वाढते, दिवा लागतो. म्हणून 'चालवण्याची पद्धत' हे कारण खोटे नसते. पण ते प्रत्येक गिऱ्हाईकाला सरसकट सांगितले जाते, आणि खरे कारण शोधायचे राहून जाते.

डीपीएफ भरतो तो दुसऱ्या कशामुळे तरी. इंजेक्टर गळत असेल, ईजीआर व्हॉल्व (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) उघडाच अडकला असेल, टर्बोच्या होजमधून हवा निसटत असेल, तर इंजिन गरजेपेक्षा कितीतरी जास्त काजळी करते. कधी डीपीएफ चांगला असतो, पण त्याच्या पुढचा-मागचा दाब मोजणारा डिफरन्शियल प्रेशर सेन्सर खराब झालेला असतो किंवा त्याची बारीक नळी तडकलेली असते. अशा गाडीत शंभर वेळा रीजनरेशन केले तरी दिवा परत येणारच. आणि मूळ कारण न शोधता लाखभराचा नवा डीपीएफ बसवला तर तोही काही महिन्यांत भरेल. तुमच्या चार जॉब कार्डांवर मूळ कारणाचा शोध घेतल्याची एक ओळ तरी आहे का ते बघा. नसेल तर तोच तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

हे सिद्ध होते आकड्यांवर. वर्कशॉपच्या स्कॅनरवर काजळीचा भार, मागच्या रीजनरेशननंतर गाडी किती चालली, किती रीजनरेशन अर्धवट राहिले, आयडलिंगला दाब किती, सगळे दिसते. एरर कोड कोणत्या वेगाला आणि कोणत्या तापमानाला आला, ती फ्रीझ फ्रेमही सापडते. धडधाकट गाडीला दोन रीजनरेशनमध्ये साधारण काही शे किलोमीटर मिळतात. हायवेवर चालणारी गाडी दर शे-सव्वाशे किलोमीटरला रीजनरेशन मागत असेल, तर काजळी अवाजवी तयार होते आहे आणि दोष चालवणाऱ्याचा नाही. हा प्रिंटआउट मागा. तोंडी नव्हे, ईमेलवर. 'देता येत नाही' म्हणाले तर तेही ईमेलवर सांगा म्हणावे.

तुमचा हायवेचा पुरावा तुमच्याच खात्यात पडून आहे. तुम्ही लिहिता की आठवड्यातून दोनदा मालासाठी बेळगावला जाता, अधूनमधून कोल्हापूर. फास्टॅगचे स्टेटमेंट काढा. त्यात कोगनोळी आणि हत्तरगी टोलनाक्यांच्या वेळा असतील. बँकेच्या संगणकाने नोंदवलेला तो पुरावा आहे. गाडी कधी गल्लीबोळातून बाहेरच गेली नाही, असे मग कोणी म्हणू शकत नाही. एका प्रकरणात मी असाच नाक्यांच्या वेळांचा तक्ता अहवालाला जोडला होता, आणि चालवण्याच्या पद्धतीचा मुद्दा समोरच्या वकिलांनी पुन्हा काढला नाही.

भेसळीचे डिझेल. हा आरोप करणाऱ्याने तो दाखवायला हवा. टाकीतला नमुना तुमच्यासमोर काढला का? सील केला का? तुमची सही घेतली का? कोणत्या लॅबचा अहवाल आहे? यातले काही नसेल तर तो आरोप कागदावर टिकत नाही. तुम्ही तुमच्या बाजूने बंकावरची (पेट्रोल पंपावरची) बिले किंवा यूपीआयच्या नोंदी जमवा. एकाच बंकावर भरत असाल तर फारच बरे.

सर्व्हिसच्या उशिराबाबत मात्र तुम्हाला स्पष्ट सांगतो. ६०० किलोमीटरच्या उशिराने डीपीएफ भरला, असे कोणी तांत्रिकदृष्ट्या दाखवू शकेल असे मला वाटत नाही. शिवाय दिवा पहिल्यांदा पाचव्या महिन्यात लागला. ती सर्व्हिस त्यानंतरची असेल तर ते कारणच उरत नाही, तारखा जुळवून बघा. पण मधल्या काळात बाहेरच्या गॅरेजात ऑइल बदलले असेल आणि त्याचे बिल नसेल, तर ती बाजू लंगडी आहे. या इंजिनांना कमी राख करणारे ठरावीक ग्रेडचे ऑइल लागते. साधे ऑइल पडले तर त्याची राख डीपीएफमध्ये साठते आणि ती रीजनरेशनने जळत नाही. असे झाले असेल तर वकिलाला आधीच सांगा. नंतर समोरून निघाले तर सगळ्याच म्हणण्यावर संशय येतो.

आता जॉब कार्ड. वर्कशॉपात सकाळी गर्दी असते, ॲडव्हायझर घाईत 'जनरल चेकअप' किंवा 'डीपीएफ लाइट ऑन' एवढेच टाकतो, आपण सही करतो आणि रिक्षा पकडतो. पुढे आयोगात दोन्ही बाजू ज्या कागदावर बोट ठेवतात तो हाच. म्हणून पुढच्या वेळी लक्षणे तुमच्या शब्दांत लिहून घ्या: कोणत्या तारखेपासून, किती किलोमीटरला, चढावर की सपाटीला, दिवा स्थिर की लुकलुकणारा, गाडी किती वेगावर अडकते. 'ही तक्रार पाचव्यांदा, आधीच्या तारखा अमुक अमुक' ही ओळ त्यात असलीच पाहिजे. निदान तुम्ही लिहू नका. 'डीपीएफ खराब' असे तुम्हीच लिहिले तर ते फक्त डीपीएफच बघतील. गाडी परत घेताना समाधान झाल्याच्या चौकोनात कोरी सही करू नका. 'ट्रायलसाठी ताब्यात घेतली, दोष गेला की नाही ते चालवून कळवेन' असे लिहून सही करा. आठवड्यात दिवा लागला की दिव्याचा आणि मीटरचा एकत्र व्हिडिओ काढून त्याच दिवशी ईमेल करा.

तुम्ही दोन डीलर फिरलात, दोन राज्यांत. सीमेवरच्या आपल्या लोकांचे हे नेहमीचे. खानापूरवाले गोव्यात दाखवतात, चंदगडवाले बेळगावात. त्यामुळे नुकसान असे होते की प्रत्येक डीलर आपली पहिलीच वेळ असल्यासारखे वागतो. गाडीची हिस्टरी कंपनीच्या सिस्टिममध्ये चॅसिस नंबरवर असते. चारही भेटींची नोंद असलेली ती हिस्टरी कंपनीच्या कस्टमर केअरकडे लेखी मागा. त्यात एखादी भेट नोंदलीच गेली नसेल, तर ते आत्ताच कळलेले बरे.

डीलर इतका का अडतो तेही समजून घ्या, म्हणजे कुठे दाब द्यायचा ते कळेल. वॉरंटीचा पार्ट डीलर स्वतःच्या खिशातून देत नाही, तो कंपनीकडे क्लेम लावतो. क्लेमसोबत कोड, फोटो, जुना पार्ट द्यावा लागतो. तपासणीत क्लेम नापास झाला तर पैसे डीलरच्या अंगावर पडतात. म्हणून खर्चिक पार्टाला तो आधी नाही म्हणून बघतो. काउंटरवरच्या पोराशी भांडून यात काही होत नाही, त्याच्या हातात अधिकार नसतो. वर्क्स मॅनेजरला लेखी विचारा की क्लेम कंपनीकडे पाठवला होता का, आणि पाठवला असेल तर नकार कंपनीचा की तुमचा? आणि कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरने गाडी स्वतः बघावी अशी मागणी करा. माझा अनुभव असा की अडलेली बरीच कामे या एका भेटीत सुटतात.

इथेच एक सापळा आहे. एरिया मॅनेजर येतो आणि म्हणतो, 'चला, ५० टक्के गुडविल देतो.' गुडविल म्हणजे वॉरंटीची जबाबदारी मान्य न करता दिलेली सवलत. बिलावर तसेच छापून येते आणि पुढे तुमच्याविरुद्ध वाचले जाते. गाडीवाचून अडले असेल तर घ्या, पण घेण्याआधी ईमेल करा की ही रक्कम हरकत नोंदवून भरत आहे आणि वॉरंटीचा हक्क सोडलेला नाही. बदललेला जुना पार्ट कुठे ठेवला तेही त्याच ईमेलमध्ये विचारा.

कुठे तक्रार करायची? १९८६ च्या जुन्या ग्राहक कायद्यात समोरचा पक्ष जिथे धंदा करतो किंवा जिथे व्यवहार घडला तिथे जावे लागे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ ने तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्याचे काम करतो तिथल्या जिल्हा आयोगातही दार उघडले. सीमाभागासाठी ही मोठी सोय आहे. खानापूरच्या माणसाने स्वतःच्या नावावर कोल्हापुरात किंवा पणजीत गाडी घेतली, तर तो आज बेळगावच्या आयोगात तक्रार घालू शकतो.

तुमचे वेगळे आहे, कारण गाडी मामांच्या नावावर आहे. मालकाच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच, असे कायद्याची व्याख्या सांगते, त्यामुळे तुम्ही बाहेर पडत नाही. पण तक्रारदार क्रमांक एक मामा आणि दोन तुम्ही, असेच घाला. आणि माझे मत कोल्हापूरच्या बाजूने आहे. मामा कागलचे रहिवासी, विक्री कोल्हापूरची, दोन दुरुस्त्या तिथल्या. बेळगावच्या डीलरलाही त्याच तक्रारीत सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, करता येईल. निपाणीहून कोल्हापूर जवळ पडते आणि तुम्हाला मराठीत बोलता येईल. बेळगावात 'मी निपाणीत राहतो, गाडी इथेच वापरतो' असे शपथेवर लिहिले की लगेच प्रश्न येईल, मग १६ महिने महाराष्ट्राची नोंदणी कशी? मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथे नवी नोंदणी करावी लागते. हा प्रश्न कोल्हापुरातही निघू शकतो. त्याचा वॉरंटीशी संबंध नाही, पण तो लोंबकळत ठेवू नका. मामांशी बोलून नोंदणीचे नियमात करून घ्या. टॅक्स वाचवायला नातेवाइकांच्या पत्त्यावर पासिंग करणाऱ्या सगळ्यांनाच सांगतो, असा वाद उभा राहिला की ती बचत फार महाग पडते.

बेळगावच्या आयोगात जाणाऱ्यांसाठी एवढेच की काम कन्नड किंवा इंग्रजीत चालते. मराठी व्हॉट्सॲप संदेश आणि पत्रांचे भाषांतर जोडा. संदेश आणि व्हिडिओंसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, हे दोन्हीकडे. हे संदेश ज्यात आहेत तो जुना फोन विकू नका.

बाकी रीत सोपी आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मराठी आणि कन्नड दोन्ही चालते, पैसे लागत नाहीत. मग डीलर आणि कंपनी दोघांना १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने. गाडीसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. तुमच्या किमतीच्या टप्प्याला फी ४०० रुपये. तक्रार ऑनलाइन दाखल होते, वकील सक्तीचा नाही. पण अशा तांत्रिक वादात मी वकील घ्यायलाच सांगेन. मुदत २ वर्षांची आहे. ती वॉरंटी नाकारल्याच्या पहिल्या लेखी तारखेपासून मोजा, आणि पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती आपोआप वाढते असे समजू नका.

मागणी काय करायची यात बरेच जण चुकतात. 'नवी गाडी द्या नाहीतर सगळे पैसे परत' एवढेच लिहितात. आपल्याकडे वारंवार बिघडणारी गाडी ठरावीक दुरुस्त्यांनंतर परत घ्यायला लावणारा वेगळा कायदा नाही. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वॉरंटीत दोषी पार्ट बदलण्याची हमी असेल, तर सबंध गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. म्हणून मागण्या पायरीने लिहा. आधी मूळ कारण शोधून सर्व संबंधित पार्ट विनामूल्य बदलणे आणि त्यांना वाढीव वॉरंटी. ते जमले नाही तर, आणि तज्ज्ञाने उत्पादनातला दोष सांगितला तर, गाडी बदलून देणे किंवा किंमत परत. शिवाय गाडी वर्कशॉपात असताना झालेला प्रवासखर्च, त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. नुकसानीचा आकडा पावत्यांना धरून ठेवा, उगाच फुगवू नका.

कंपनी आणि डीलर दोघांनाही सामनेवाला करा, आणि कोणाची चूक कोणती ते वेगवेगळे लिहा. गोव्यातल्या टाटा मोटर्स विरुद्ध अँटोनियो पावलो वाझ या प्रकरणात, नवी म्हणून जुन्या मॉडेलची गाडी दिल्याच्या तक्रारीवर, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कंपनीवरची जबाबदारी काढून टाकली. डीलरने केलेल्या गोष्टीची कंपनीला माहिती होती हे दाखवलेले नव्हते. तुमच्या बाबतीत सदोष इंजेक्टर किंवा सेन्सर कंपनीकडे जातो. चार वेळा कारण न शोधता गाडी परत दिली, ती सेवेतली त्रुटी डीलरांकडे जाते. कंपनीला केलेले ईमेल याचसाठी लागतात. ते असले की तिला 'आम्हाला माहीतच नव्हते' म्हणता येणार नाही.

तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय हा वाद जिंकणे अवघड आहे. दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल तर कलम ३८ प्रमाणे आयोग गाडी योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तसा अर्ज तक्रारीसोबतच द्या. सरकारी किंवा जुन्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या मेकॅनिकल, ऑटोमोबाइल विभागाकडून अहवाल घेता येतो. तपासणीच्या दिवशी समोरच्यांना कळवून बोलावले पाहिजे, नाहीतर तो एकतर्फी म्हणून बाजूला पडतो. कायद्याने तपासणी असलेली तक्रार ५ महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असे म्हटले आहे. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, तयारी ठेवा.

तोवर गाडीचे काय? रागाने ती वर्कशॉपात सोडून येऊ नका. पार्किंगचे बिल लागते आणि गाडी उभी राहून आणखी बिघडते. कर्जाचे हप्ते थांबवू नका, बँकेचा या भांडणाशी संबंध नाही आणि सिबिल तुमचेच खराब होते. डिपस्टिक बघत राहा. अर्धवट रीजनरेशनमुळे डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि पातळी वाढते, तशी दिसली तर फोटो काढा आणि गाडी पुढे न चालवता वर्कशॉपात कळवा. आणि गावातले कोणी 'डीपीएफ काढून मॅप मारून (इंजिनचे सॉफ्टवेअर बदलून) देतो, कायमची कटकट संपेल' म्हणाले तर अजिबात ऐकू नका. ते बेकायदा आहे, गाडीची वॉरंटी तिथेच संपते, तुमची केसही संपते, आणि ती काजळी आपल्याच गल्लीतल्या पोरांच्या छातीत जाते.

तडजोड आली तर घ्यायला हरकत नाही. आयोगात मध्यस्थीचीही सोय आहे. पण तोंडी आश्वासनावर तक्रार मागे घेऊ नका. कोणते पार्ट नंबरनिशी बदलणार, किती दिवसांत, त्या पार्टांना किती महिन्यांची आणि किती किलोमीटरची वॉरंटी, ती कंपनीच्या सिस्टिममध्ये चॅसिस नंबरवर चढली का, आणि तोच दोष पुन्हा आला तर काय, हे सगळे कंपनीच्या लेटरहेडवर घ्या. डीलरच्या लेटरहेडवरचे पत्र दुसऱ्या शहरातला डीलर मानत नाही, आणि तुम्ही तर दोन शहरांच्या मध्ये राहता.